खडीची वाट आणि आमच्या सायकली

फ्रान्स देशात सध्या एक छंद बराच वाढला आहे. शहरातील माणसे सुट्टीच्या दिवशी सायकली घेऊन मुद्दाम डांबरी रस्ता सोडतात आणि शेतामळ्यांतून जाणाऱ्या खडी-मुरुमाच्या वाटांनी दिवसभर हिंडतात. टूलूज शहरापासून समुद्राच्या दिशेने जाणारा सुमारे २४० कि.मी. लांबीचा एक कालवा आहे. तो १६८१ साली वाहतुकीला खुला झाला. त्याच्या काठच्या वाटेवरून पूर्वी घोडे दोराने नावा ओढीत. आज त्याच वाटेवरून सायकली जातात. कालव्याकाठी झाडांची सावली, मधे एखादे खेडे, पाव-चीज खाऊन पुन्हा पुढे, असा एकूण बेत असतो.

ही हकीकत वाचून आम्हाला प्रथम हसू आले. खडीच्या रस्त्यावर हौसेने जायचे! आमच्या पिढ्यांनी ती खडी फोडली आहे. १९७२ च्या दुष्काळात आमची आजी सिन्नर तालुक्यात रस्त्याच्या कामावर होती. मिलो आणि सुकडी खाऊन बायका दिवसभर हातोडीने दगड फोडीत. तान्ही मुले बाभळीला झोळी बांधून त्यात निजवलेली असत. त्या काळी तालुक्यात तयार झालेल्या कित्येक रस्त्यांखाली आमच्या मायमाउल्यांच्या हातची खडी आहे, हे आज त्यावरून मोटारी नेणाऱ्यांना कोण सांगणार?

पण हसून झाल्यावर आणखी एक गोष्ट कळली आणि आम्ही विचारात पडलो. १९३६ साली मोठे संप झाल्यावर फ्रान्समधील कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. त्या उन्हाळ्यात गिरण्या-कारखान्यांतील माणसे बायकोला घेऊन, कोणी एकट्याने तर कोणी दोघांच्या जोडसायकलीवर, आयुष्यात प्रथमच आपला देश पाहायला निघाली. म्हणजे सायकलवरून रान हिंडणे ही तिकडे श्रीमंतांचीच चैन नव्हती. कामगारांनी लढून मिळवलेल्या सुट्टीशी त्याचे नाते होते. आपल्याकडेही डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांना पगारी सुट्टीचा हक्क मिळाला. नाशिक रोडच्या कारखान्यांत राबलेल्या आमच्या किती घरांनी ती रजा लग्नकार्य, मयत आणि दवाखाना यांखेरीज कशासाठी वापरली, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

म्हणून थंडी उतरणीला लागली असताना एका रविवारी आम्ही वस्तीतील मुलामुलींना घेऊन निघालो. एकूण नऊ जण, सायकली सात. दोघे आळीपाळीने कॅरिअरवर. जायचे ठिकाण त्रिरश्मी लेणी, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात.

सायकल कोणती हवी, असे पुष्कळजण विचारतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४८०० कि.मी.ची शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून शहरात हेल्मेटवाल्या महागड्या सायकली पुष्कळ दिसू लागल्या. ते पाहून आमच्या मुलांना वाटते, हे डॉक्टर लोकांचे काम. तसे नाही. खडीवर चालणाऱ्या परदेशी सायकलीचा टायर साधारण चाळीस मिलिमीटर रुंद असतो. आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला जो २८ बाय दीड इंची टायर बसतो, तोही तेवढाच रुंद! गिअर नाहीत एवढेच. चढ आला की खाली उतरावे, त्यात कमीपणा नाही.

उतरण्यावरून वडिलांची आठवण निघते. ते कारखान्यात लागले तेव्हा त्यांनी पगारातून पैसे बाजूला टाकून जुनी सायकल घेतली. सुट्टीला गावी जाताना वेशीपाशी आले की सायकलवरून उतरायचे, चावडी आणि पार ओलांडेपर्यंत हातात धरून चालायचे आणि मग आपल्या वाड्याकडे वळायचे, असा गावाचा दंडक. धम्मदीक्षा होऊन पंधरा वर्षे उलटली होती तरी दंडक तोच. एकदा ते उतरले नाहीत. रात्री अंगणात लावलेल्या सायकलीच्या दोन्ही टायरमधली हवा गेली आणि मागच्या चाकाच्या तारा कोणीतरी कापल्या. सकाळी ती खांद्यावर घेऊन ते मोठ्या रस्त्यापर्यंत चालत आले. पुढे कित्येक वर्षे ते गावाला वळसा घालून ओढ्याच्या कडेच्या खडकाळ वाटेने जात. गावाचे नाव आम्ही लिहीत नाही. त्यांनीही ते कधी चारचौघांत घेतले नाही.

असो. विहितगावपर्यंत डांबरी रस्ता आहे. पुढे वडनेर दुमाल्याच्या बाजूला गेल्यावर आम्ही मोठा रस्ता सोडला आणि वालदेवी नदीच्या अंगाने मळ्यांतून जाणाऱ्या मुरुमाच्या वाटा धरल्या. द्राक्षाचे बाग, कांदा, मधे उसाचा फड. मोटारींचा आवाज मागे पडला तशी मुले मोठ्याने बोलू लागली. चाकाखाली खडी करकरते तो आवाज आमच्यातल्या एका लहान मुलाला इतका आवडला की तो मुद्दाम कडेच्या सैल खडीत सायकल घालीत होता. दोनदा पडला, रडला नाही.

एका मळ्याजवळ वाटेवर काट्याची फांदी आडवी टाकलेली होती. पलीकडे एक वयस्कर शेतकरी उभे होते. त्यांनी विचारले, "कुठली म्हणायची मंडळी?" आम्ही म्हणालो, "नाशिक रोडची, बाबा." "ते झालं. पण कुणापैकी?" या प्रश्नाचा अर्थ आमच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही शब्द जुळवीत होतो, तेवढ्यात नववीत शिकणारी आमची एक मुलगी म्हणाली, "आम्ही बौद्ध. लेण्यावर चाललोय." म्हातारबाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. मग काठीने फांदी सरकवली आणि म्हणाले, "पुढं चिखल हाय. पोरींनो, उतरून जा."

ती उतरली नाही. चिखलातून तशीच सायकल काढली आणि सलवार गुडघ्यापर्यंत भरवून घेतली. तिच्या आईचे आम्हाला पुढे ऐकावे लागले, तो भाग वेगळा.

अशा वाटांविषयी एक माहिती सर्वांना असावी. प्रत्येक गावाचा नकाशा तलाठ्याकडे आणि भूमिअभिलेख कार्यालयात असतो. त्यावर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीरस्ता आणि एकेरी तुटक रेषा म्हणजे पाऊलवाट. नकाशावरची अशी वाट एकट्या कुणाच्या मालकीची नसते. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पाटाच्या कडेचा रस्ता मात्र पाटबंधारे खात्याचा, तेथे पाटकऱ्याला सांगून जावे.

पाथर्डीवरून पुढे फाट्यापाशी महामार्ग लागतो. तेवढे अंतर आम्ही सायकली हातात धरून चाललो. पायथ्याचा बुद्धविहार, तेथे २०२३ साली अनुराधपुराहून आणून लावलेले बोधिवृक्षाचे रोप, वंदना, मग पायऱ्या. वर चोवीस लेणी आहेत. दहाव्या लेण्यात उषवदाताचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. आम्ही पडलो कारकून, बी.कॉम.वाले, आकडा दिसला की थांबतो! गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे त्याने दोन हजार कार्षापण ठेवले, व्याज शेकडा दरमहा एक. वर्षाचे झाले दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब दमडीचाही चुकलेला नाही. मुलांनी पाटीवर नव्हे, धुळीत बोटाने गणित करून पाहिले. याच उषवदाताने वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या आणि नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, हेही तेथे कोरलेले आहे. वाटेने जाणाऱ्याची सोय करणे हे पुण्यकर्म म्हणून दगडावर लिहिण्याजोगे मानले जात होते.

ज्यांना जायचे असेल त्यांनी बाभळीच्या काट्याचा धसका घ्यावा. आमचे तीन पंक्चर झाले. पंप, सोल्युशन, रबराचे तुकडे आणि पाणी बरोबर हवे. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवली तर खडीवर हादरे कमी बसतात. या भागात उसात बिबट्याचा वावर आहे, तेव्हा उजाडल्यावर निघावे, ऊन चढण्यापूर्वी परतावे, मुलांना एकटे पुढे सोडू नये.

घरी आल्यावर वडिलांना सारे सांगितले. त्यांनी म्हातारबाबांची गोष्ट दोनदा सांगायला लावली. मग येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पोरांना आपल्या गावी घेऊन जा म्हणाले. "पण ओढ्याच्या वाटेनं नाही. वेशीतून. चावडीपुढून." त्यांची ती जुनी सायकल घरामागे पत्र्याखाली अजून आहे. दुरुस्तीवाल्याने तारा ताणून दिल्या, ब्रेकचे रबर बदलले. अठ्ठावीस इंची टायर आता चटकन मिळत नाही. एक मिळाला आहे, दुसरा मागवला आहे.