शाळेतून महाविद्यालयात

शाळेत नेहमी पुढे असणारा मुलगा महाविद्यालयाच्या पहिल्याच परीक्षेत नापास झाला, की घरची माणसे त्याला आळशी ठरवून मोकळी होतात. कुंभकोणमच्या श्रीनिवास रामानुजन यांची हकीकत अशा पालकांनी अवश्य वाचावी. टाउन हायस्कूलमध्ये पारितोषिके मिळवून १९०४ साली ते शिष्यवृत्तीसह तेथील सरकारी महाविद्यालयात दाखल झाले. शाळेत गणिताचा छंद व इतर विषय यांची सांगड बसली होती; येथे गणिताने बाकीचे सारे गिळले. इंग्रजीत अपयश आले आणि शिष्यवृत्ती गेली. वडील कापडाच्या दुकानात कारकून. शुल्काचा भार घराला न पेलणारा. १९०५ साली सतरा वर्षांचे रामानुजन घरी न सांगता विशाखापट्टणमला निघून गेले.

या वयात आपले निर्णय आपणच घ्यावेत असे मुलाला वाटते. अपयश एकट्याने सोसण्याचे बळ मात्र अंगी आलेले नसते. अशा निघून जाण्यात उद्धटपणापेक्षा लाजच बहुधा अधिक असते. म्हणून कोणता विषय मागे पडत आहे, हे गुणपत्रिकेची वाट न पाहता पहिल्या सहामाहीतच गप्पांच्या ओघात विचारावे. रोज उलटतपासणी घेतल्यास मुलगा उत्तरे देईल, खरे सांगणार नाही.

रामानुजन परतले. १९०६ मध्ये ते मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयात गेले, तेथेही एफ. ए.ची परीक्षा साधली नाही. गणिताच्या वह्या मात्र भरत राहिल्या.