वही मध्येच का सुटते?

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अशी एक वही असते. तिची पहिली तीस-चाळीस पानं गच्च भरलेली, पुढची कोरी. सुरुवातीचं अक्षर वळणदार, समाससुद्धा आखलेला. मग अक्षर धावायला लागतं, तारखा विरळ होतात आणि एके ठिकाणी 'उद्या सविस्तर लिहीन' असं लिहून सगळं थांबतं. तो उद्या काही उजाडत नाही. का थांबलीस म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं : "आळस, दुसरं काय!"

मला हे उत्तर पटत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जी मुलगी बारा वाजता स्वतःबद्दल चार पानं लिहीत होती, ती मे महिन्याच्या सुट्टीत रिकामी बसलेली असताना एक ओळ लिहीत नाही. वेळ आणि ताकद तेव्हा कमी होती, आता भरपूर आहे. तरी लिहिणं आटलं. म्हणजे कारण दुसरीकडे कुठंतरी असणार.

एक साधं कारण आधी सांगून टाकते. आपल्याकडे रोजनिशी बहुतेक वेळा विमा एजंटानं किंवा बँकेनं दिलेल्या डायरीत सुरू होते. तिच्या प्रत्येक पानावर तारीख छापलेली. चार दिवस चुकले की चार कोरी पानं आपल्याकडे बघत बसतात, सावकारासारखी. मग उधारी फेडायची म्हणून मागचं आठवून लिहायचं, ते जमत नाही, आणि डायरीच कपाटात जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयींवर एक अभ्यास केला होता, तो 2010 च्या अंकात छापून आला. रोज एक छोटी गोष्ट करायची, एवढंच लोकांना सांगितलं होतं. ती अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस लागले, तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशेब निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा तारखा नसलेली शंभर पानी वही घ्यावी, काम झालं. हे दुखणं वरवरचं आहे.

खोलातलं दुखणं कौतुकापासून सुरू होतं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांचा 1973 चा एक प्रयोग मानसशास्त्राच्या पुस्तकांत हमखास असतो. स्टॅनफर्डच्या बालवाडीत ज्या मुलांना रंगीत स्केचपेननं चित्रं काढायला मनापासून आवडायचं, अशी मुलं त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी तेच प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेनं ठेवली आणि लांबून पाहिलं. ज्यांना आधी कबूल केलं होतं, ती मुलं आता बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र तशीच होती. बक्षीस दोन्हीकडे एकच. फरक एवढाच की पहिल्या मुलांच्या मनात 'मी हे कशासाठी करतोय' याचं उत्तर बदललं होतं.

खाजगी लिखाणाचं नेमकं हेच होतं. एखादं पान आपण कुणाला तरी दाखवतो, त्याला ते आवडतं, तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. कुवेतहून मावशीचे हात जोडलेले इमोजी येतात. बरं वाटतं, का वाटू नये? पण पुढचं पान लिहिताना मावशी शेजारी येऊन बसलेली असते. मग घरातल्या भांडणाबद्दल लिहिता येत नाही, कारण भांडण मावशीच्याच भावाशी झालेलं. बेळगावात आमच्या पॅरिशमध्ये तर प्रत्येक जण कुणाच्या ना कुणाच्या लग्नात भेटलेला असतो, त्यामुळे नाव न घेता लिहिलं तरी तिसऱ्या ओळीत माणूस ओळखू येतो. वगळत वगळत उरतं काय? पाऊस, फेस्त आणि सुविचार. असलं लिहायला कंटाळा नाही येणार तर काय होणार!

सॅम्युअल पीप्सची रोजनिशी इंग्रजी साहित्यात प्रसिद्ध आहे. लंडनच्या नौदल कचेरीतला हा अधिकारी 1 जानेवारी 1660 पासून लिहू लागला. प्लेग, 1666 ची मोठी आग, बायकोशी भांडणं, स्वतःची लफडी, सगळं लघुलिपीत. 31 मे 1669 ला त्यानं थांबवलं. डोळे जातील ही भीती हे कारण सगळ्यांना माहीत असतं. पण शेवटच्या नोंदीत तो आणखी एक गोष्ट बोलून जातो : यापुढे ही वही आपली माणसं साध्या लिपीत लिहितील, म्हणजे त्यांना आणि जगाला कळलं तर चालेल तेवढंच तिच्यात घालता येईल. आणि तिथं ती रोजनिशी संपली. पीप्स पुढे 1703 पर्यंत जगला, आंधळाही झाला नाही, पण तशी रोजनिशी त्यानं पुन्हा धरली नाही.

म्हणजे वाचक आला की लिखाण मरतं, असं म्हणायचं का? तसंही नाही. ॲन फ्रँक काल्पनिक मैत्रिणीला, किटीला, पत्रं लिहावीत तशी लिहीत होती. 28 मार्च 1944 ला लंडनहून डच मंत्र्याचं भाषण रेडिओवर झालं, लोकांनी युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवावीत असं. ते ऐकून तिनं छापण्याच्या विचारानं आपली डायरी सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला घेतली. म्हणजे वाचक म्हणून अख्खा देश डोळ्यांपुढं होता, तरी मायना किटीचाच राहिला. लक्ष्मीबाई टिळकांचं बघा. रेव्हरंड टिळक 1919 मध्ये गेले. मुलाला, देवदत्तला, त्यांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यानं आईला आठवणी लिहून द्यायला सांगितलं. शाळेत न गेलेली ही बाई उतारवयात मुलासाठी आठवणी लिहायला बसली, आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' झालं. ते वाचताना आजही वाटतं की कुणीतरी समोर बसलंय आणि त्याला ती सांगतेय.

मला वाटतं मुद्दा इथं आहे. स्वतःबद्दलचं लिखाण 'सगळ्यांसाठी' टिकत नाही आणि बहुतेकांचं 'कुणासाठीच नाही' असंही टिकत नाही. त्याला एक कान लागतो. तो बदलला किंवा गेला की आपण म्हणतो, मूड गेला.

माझा कान म्हणजे माझी आजी होती. आमच्या घरात कोंकणी, मी शिकले मराठी शाळेत, आणि आजीला वाचता यायची ती फक्त रोमी लिपीतली कोंकणी. त्यामुळे मी मराठीत लिहिलेलं पान रात्री तेर्स झाल्यावर तिला कोंकणीत सांगायचे. सांगताना काय राहिलंय ते आपोआप कळायचं, कारण ती मध्येच विचारायची, "आनी ती कितें म्हणाली?" आणि ती काय म्हणाली हे मी लिहिलेलंच नसायचं. दुसऱ्या दिवशी ते भरायचे. अशा साडेतीन वह्या झाल्या. मागच्या पावसाळ्यात आजी गेली. त्यानंतर चौथ्या वहीत मी एकही पान लिहिलेलं नाही. घरात सगळे म्हणाले, कॉलेजचा अभ्यास वाढलाय हिचा. अभ्यास तेवढाच होता.

अजून एक शक्यता आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही : काम झालेलं असणं. 1986 साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या घटनेबद्दल लिहायला लावलं. लिहिल्यावर लगेच मुलांना आणखी उदास वाटलं. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. फक्त चार दिवस, बरं का. माझ्या एका मैत्रिणीनं बारावीच्या वर्षी वडिलांच्या दारूबद्दल एक वही भरली, वडील सुटले, वहीही सुटली. आता ती हळहळते की आपल्यात चिकाटी नाही. मी तिला म्हटलं, ताप उतरल्यावर तू गोळ्या घेत बसतेस का?

तेव्हा वही थांबली असेल तर आधी शेवटची चार-पाच पानं काढून वाचावीत, असं मी सुचवीन. तिथं बरंच दिसतं. वाक्यं अचानक गुळगुळीत झाली असतील, 'आपण सर्वांनी' असलं काही आलं असेल, तर परकं कुणीतरी वाचायला आलंय. ती वही खुशाल लपवा, दुसरी काढा. शेवटची पानं शांत, थोडी कंटाळवाणी असतील, तर बहुधा काम झालंय. आणि वाक्य अर्ध्यात तुटलं असेल, तर कोण गेलं ते आठवून पाहा.

मी सध्या वही बाजूला ठेवलीय आणि धाकट्या भावाला पत्रं लिहितेय. तो वास्कोला शिकायला आहे. त्याला मराठी नीट वाचता येतं, पण लांबलचक वाचायचा कंटाळा, त्यामुळे एका वेळी दोनच पानं. आजीच्या खोलीत आता काय काय ठेवलंय, ते पहिल्या पत्रात लिहिलं. त्याचं उत्तर आलं, तिचा चष्मा कुठाय?