घरातली वीज : महिन्यातून अर्धा तास तपासणीसाठी

उन्हाळ्यात कूलर, पावसाळ्यात कपडे वाळत घालायची तार, हिवाळ्यात पाणी तापवायची रॉड. ऋतू बदलतो तशी वस्तू बदलते. विजेचा धक्का बसून घरातले माणूस गेल्याची बातमी मात्र वर्षभर येत राहते. कधी ती गृहिणी असते, कधी खेळता खेळता हात लावणारे मूल. यांतले बरेच अपघात टाळता येण्यासारखे असतात. त्यासाठी वायरमन होण्याची गरज नाही. महिन्यातून अर्धा तास काढून काही गोष्टी बघितल्या तरी पुरे.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करू या. “आमच्याकडे एमसीबी बसवली आहे, आता भीती नाही,” असे पुष्कळ घरांत म्हटले जाते. पण एमसीबी असते ती वायर जळू नये म्हणून. 16 अँपिअरची एमसीबी प्रवाह त्याहून बराच वाढला तरच पडते. माणसाच्या छातीतून अँपिअरचा दहावा भाग इतका प्रवाह काही क्षण गेला, तरी हृदय बंद पडू शकते. एवढ्याशा प्रवाहाने एमसीबी हलतही नाही. माणसाला वाचवणाऱ्या गोष्टी दोन : आरसीसीबी आणि अर्थिंग.

टेस्ट बटण दाबून बघा

आरसीसीबीलाच बोलताना अनेक जण ईएलसीबी म्हणतात. मेन बोर्डवर जिच्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले छोटे बटण असते, ती ही. घरात जाणारा आणि परत येणारा प्रवाह सारखा आहे की नाही, हे ती सतत मोजत असते. फरक पडला म्हणजे वीज कुठेतरी गळते आहे. कदाचित कुणाच्या शरीरातून. घरगुती आरसीसीबी साधारण 30 मिलीअँपिअरच्या गळतीला, सेकंदाच्या अंशात वीज तोडते.

महिन्यातून एकदा, वीज चालू असताना हे बटण दाबा. त्याआधी संगणक नीट बंद करा आणि इन्व्हर्टरही बंद ठेवा. ‘खट्’ असा आवाज होऊन वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर आरसीसीबी निकामी आहे असे समजून ती लगेच बदलून घ्या. वीज गेली, तर खटका वर करण्याआधी एक टेबल लॅम्प घेऊन घरभर फिरा. स्वयंपाकघर, न्हाणीघर, फ्रीज, मोटार, प्रत्येक ठिकाणचा सॉकेट बंद झाला आहे ना, ते बघा. जिथे दिवा लागला, ती जागा संरक्षणाबाहेर आहे.

असे का होते? इन्व्हर्टर बसवल्यावर आरसीसीबी वारंवार पडू लागते. बहुतेकदा कारण असते न्यूट्रल वायरींची सरमिसळ. त्या शोधून वेगळ्या करायला वेळ लागतो, म्हणून काही कारागीर आरसीसीबीच वगळून जोडणी करून टाकतात. वीज जाणे थांबते, घरचे खूश होतात आणि रक्षण करणारे यंत्र नुसते शोभेला उरते. इन्व्हर्टर बसवून झाला की कारागीर दारात असतानाच टेस्ट बटण दाबून बघा.

“चप्पल घालून उघड”

“फ्रीजला थोडा करंट येतो, चप्पल घालून उघड.” हे वाक्य आपल्या घरात बोलले जात असेल, तर आजच वायरमनला बोलवा. झिणझिण्या येतात याचा अर्थ वीज फ्रीजच्या पत्र्यावर आली आहे आणि तिला जमिनीत जायला वाट नाही. ती वाट म्हणजे अर्थिंग. अर्थिंग चांगले असेल, तर गळती सुरू होताच आरसीसीबी पडते. ते नसेल, तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत ती वाट बघते.

तीन पिनांपैकी वरची जाड आणि लांब पिन अर्थिंगची. प्लग खोचताना ती सर्वांत आधी जोडली जावी म्हणूनच ती लांब असते. ती तोडून प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवणे म्हणजे स्वतःच्या हाताने संरक्षण काढून टाकणे. आपल्या सॉकेटच्या वरच्या भोकात अर्थिंग खरोखर पोचले आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्या. टेस्टर पेटला नाही म्हणून सर्व ठीक आहे, असे मानू नका. अर्थिंगचा खड्डा स्वतःच्या अंगणात असेल, तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी घाला. कोरड्या मातीत अर्थिंग कमजोर होते.

डोळे, नाक आणि थोडा हिशोब

बोर्डावर काळा डाग, जळका वास, सैल सॉकेट, स्विच दाबताना तडतड, काढल्यावर गरम लागणारा प्लग. यांतले काहीही दिसले तर तो पॉइंट वापरणे थांबवा.

लोडचा हिशोबही सोपा आहे. वॅटला 230 ने भागले की अँपिअर मिळतात. 1500 वॅटची रॉड साडेसहा अँपिअर खेचते, म्हणजे 6 अँपिअरच्या लहान सॉकेटला ती झेपत नाही. 2000 वॅटचा गीझर जवळपास 9 अँपिअर खेचतो. या वस्तू 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावा. सहरीच्या घाईत किटली, ओव्हन आणि रॉड एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. रॉड वापरताना बादली प्लास्टिकची असावी आणि पाण्यात बोट घालण्याआधी नुसता स्विच बंद न करता पिनही काढावी.

वजूच्या जागेजवळ किंवा बेसिनशेजारी स्विच असेल, तर ओले हात दिवसातून अनेकदा त्याला लागतात. असा स्विच पाण्यापासून लांब हलवून घ्या. तोपर्यंत शेजारी कोरडा टॉवेल टांगा.

घराबाहेरही एक फेरी

खांबावरून येणारी वायर पत्र्याला घासते आहे का? कपड्यांची लोखंडी तार खांबाला किंवा पत्र्याच्या शेडला बांधली आहे का? ती काढून नायलॉनची दोरी लावा. खांब ते मीटर हे काम वीज कंपनीचे आहे. तक्रार 1912 वर करता येते. मेन बोर्ड उघडणे आणि जोडणी बदलणे वायरमनवर सोपवा.

धक्का बसलाच तर

चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल, तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर ढकला. ही रीत घरातल्या विजेपुरती. रस्त्यावर पडलेल्या तारेच्या जवळही जाऊ नका. नंतर 108 वर रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात आणि लयीत दाब देत राहा. माणूस उठून बसला, तरी डॉक्टरांना दाखवा.

मेन स्विच कुठे आहे आणि तो कसा बंद करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला, आजीपासून शाळकरी मुलापर्यंत, दाखवून ठेवा. मेन बोर्डच्या झाकणावर एक कागद चिकटवा आणि दर महिन्याला टेस्ट बटण दाबल्याची तारीख त्यावर लिहा. पहिली तारीख आजचीच पडू द्या.