आलं, दालचिनी आणि नाताळची बिअर

मैत्रिणींनो, शीर्षक वाचून दचकलात ना? ‘आपल्या पानांवर हे कसलं खूळ?’ असं वाटणं साहजिक आहे. माझ्या माहेरी बाटली म्हणजे काकांची बाटली. ती घरात आली, की आई आम्हां मुलांना आतल्या खोलीत न्यायची आणि घरखर्चाचे पैसे तांदळाच्या डब्यात दडवायची. त्यामुळे ‘काही लोक नुसती चव घेण्यासाठी पितात’ हे मी कधी खरं मानलंच नाही.

गेल्या डिसेंबरात नणंदेकडे अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडला गेले होते. तिकडे नाताळ जवळ आला, की गावोगावचे छोटे बिअर-कारखाने मसाल्याची खास बिअर काढतात. वन्संच्या एका मैत्रिणीने ती चाखायला चार-पाच बायकांना बोलावलं होतं. मी पाय मागे घेऊ लागले. वन्सं म्हणाल्या, “चल तर खरी. चाखायची की नाही, ते तू ठरव. मी तर घेणारच नाही, गाडी मला चालवायची आहे.”

टेबलावर छोटे पेले, पाण्याचा जग आणि साधा पाव. पेल्यात जेमतेम दोन-तीन घोट. आधी वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा, मग पाणी आणि पावाचा तुकडा, म्हणजे पुढची चव स्वच्छ कळते. नको असेल ते ओतून द्यायला एक भांडंही ठेवलेलं. ते पाहून माझा जीव अगदी त्या भांड्यातच पडला!

पहिली बिअर क्लीव्हलंडच्याच ‘ग्रेट लेक्स’ कारखान्याची, 1992 पासून निघणारी. मी वास घेतला आणि पटकन म्हणाले, “आलं आणि दालचिनी!” दोन्ही बरोबर, मध तेवढा राहिला. दुसरी बेल्जियमच्या धर्तीची, तिच्यात संत्र्याची साल आणि चक्क धने! तिसरीत मी छातीठोकपणे ‘लवंग’ सांगितली, तर सगळ्या हसल्या. तिच्यात लवंग नव्हतीच. काही जातींच्या यीस्टमुळे आंबताना आपोआपच लवंगेसारखा वास येतो म्हणे. झाली का फजिती!

कृती ऐकताना मात्र मला घरच्यासारखंच वाटलं. सातूला मोड आणून ते वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात त्यांचा गोडवा उतरवायचा. ते पाणी हॉप नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळायचं, निववायचं आणि यीस्ट घालून आंबवायचं. मसाला बहुधा उकळी संपता संपता घालतात, नाहीतर सुवास उडून जातो. आपण चहात वेलची शेवटी टाकतो, तसंच! जुन्या काळी इंग्लंडात बिअर घरोघरी बायकाच करत. 1516 साली जर्मनीतल्या बव्हेरियात मात्र ‘पाणी, सातू आणि हॉप, बाकी काही नको’ असा नियम झाला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘अँकर’ कारखान्याने 1975 साली नाताळची खास बिअर काढली. तिची कृती दरवर्षी बदलायची आणि लेबलावरचं झाडही. तो कारखाना 2023 साली बंद झाला, पण प्रथा गावोगाव राहिली.

आता महत्त्वाचं. साध्या बिअरमध्ये मद्यार्क साधारण 5 टक्के असतो. त्या पहिल्या बिअरमध्ये 7.5 टक्के होता. म्हणजे एक बाटली प्यायली, की साध्या बिअरची दीड बाटली पोटात गेली. पण मध-दालचिनीमुळे ते जिभेला कळतच नाही. म्हणून बाटलीवरचा आकडा आधी वाचावा. गाडी चालवणाऱ्याने चाखू नये. दिवस गेलेल्या बाईने तर एक घोटही घेऊ नये. औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारावं. आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला कुणी आग्रह करू नये. पुरणपोळीचा आग्रह वेगळा!

वन्संसाठी त्या मैत्रिणीने गरम सफरचंदाचा रस केला होता, तो तुम्हीही करून पाहा. चार कप रसात दालचिनीचा एक तुकडा, तीन-चार लवंगा आणि संत्र्याच्या सालीची एक पट्टी घालून मंद आचेवर दहा मिनिटं ठेवायचं, मग गाळायचं. मुलांनाही चालतो आणि घरभर घमघमाट सुटतो.

मी एकूण सहा घोट घेतले असतील. परत आल्यावर आईला सगळं सांगितलं, लपवलं नाही. ती निवडायला घेतलेले तांदूळ तसेच ठेवून ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, “आणि नंतर कुणी आवाज चढवला नाही?”

“नाही गं. कपबशा विसळल्या आणि घरी आलो.”

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तांदूळ पुढे ओढत म्हणाली, “असंही असतं म्हणायचं.”