आधी बॅग उलटी करून चाकं बघा

लग्नाचा सीझन लागला की मुंबई-पुण्याच्या फोटोग्राफरांच्या उदयपूर, जयपूर, गोव्याच्या वाऱ्या सुरू होतात. दोन बॉडी, तीन लेन्स, फ्लॅश, चार्जर, लॅपटॉप एवढा बोजा खांद्यावर घेऊन विमानतळ पालथा घालणं पाठीला परवडत नाही, म्हणून चाकांची बॅग घ्यायचं ठरतं. दुकानात मात्र सगळ्यांची नजर कप्प्यांवर खिळते. माझ्या मते आधी बॅग उलटी करून चाकं बघावीत.

रस्त्यातला १ सेंटिमीटरचा उंचवटा घ्या. बॅग आडवी ओढून ५ सेंटिमीटर व्यासाचं चाक त्यावर चढवायचं, तर चाकावरच्या भाराच्या सुमारे १.३ पट जोर लागतो. म्हणजे तिथे बॅग सरळ उचललेली बरी! चाक १० सेंटिमीटरचं असेल तर पाऊण पट जोरात काम भागतं. चारही बाजूंना फिरणारी छोटी चाकं विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर छान पळतात, पण रेल्वे फलाटावर आणि फुटपाथवर तीच अडतात. बाहेरगावी शूट करणाऱ्याने दोन मोठ्या, बेअरिंगवाल्या चाकांचीच बॅग घ्यावी. बोटाने चाक फिरवून बघा. ते खरखर न करता बराच वेळ फिरत राहिलं पाहिजे.

चाक वजन घेतं, पण त्या बदल्यात धक्के देतं. आपल्याकडच्या पेव्हर ब्लॉकची सांध दर २० सेंटिमीटरवर येते असं धरलं आणि सेकंदाला १.२ मीटर चाललो, तर बॅगेला सेकंदाला ६ दणके बसतात. शिवाय प्रत्येक दणक्यासोबत बारीक, जलद कंपनं आत शिरतात. फोम खरं तर स्प्रिंगचंच काम करतो. फोम आणि त्यावरची लेन्स यांची मिळून स्वतःची एक कंपनसंख्या असते. धक्के त्याच गतीने आले तर फोम ते कमी करण्याऐवजी वाढवतो. त्या गतीच्या साधारण १.४ पटीच्या पुढे गेल्यावरच तो धक्के गिळू लागतो. फार मऊ फोम जड लेन्सखाली पार चेपून जातो, मग त्याचा काहीच उपयोग उरत नाही. बोटाने दाबल्यावर दबणारा, पण लगेच उसळून वर येणारा फोम हवा. लेन्स कप्प्यात घट्ट बसली पाहिजे.

हे काळजीचं कारण खरं आहे. सततच्या कंपनांनी लेन्सचे बारीक स्क्रू ढिले होतात. मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ साली दिला होता. मिररलेस कॅमेऱ्यांतही सेन्सर किंवा लेन्समधली भिंगं अशीच हलती ठेवलेली असतात. ७०-२०० सारखी जड लेन्स बॉडीला लावून बॅग ओढू नका, प्रत्येक धक्क्याला सगळा ताण माउंटवर येतो.

भरण्याचंही एक शास्त्र आहे. चाकापासून मुठीपर्यंत १ मीटर लांबी आणि १२ किलो वजन धरा. वजनाचा मध्य चाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर कलत्या बॅगेचा जवळपास ५ किलो भार हातावर येतो, २५ सेंटिमीटरवर असेल तर ३ किलो. म्हणून जड लेन्स चाकांजवळ ठेवा. घाईत दोन चाकांची बॅग डावी-उजवी हेलकावू लागते, त्या हेलकाव्यांवर पॅरिसच्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१७ साली रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये शोधनिबंधच लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा की हेलकावे थांबवायला वेग कमी न करता वाढवावा, किंवा मूठ खाली नेऊन बॅग जमिनीकडे आणखी झुकवावी.

आता विमानाचा काटा. देशांतर्गत बहुतेक विमानांत इकॉनॉमीच्या प्रवाशाला केबिनमध्ये ७ किलोच नेता येतात. चाकं, दांडा आणि सांगाडा धरून रिकामी बॅगच कित्येकदा ४ किलोंची असते. दोन बॉडींचे सुमारे १.४ किलो, २४-७० आणि ७०-२०० मिळून २ किलोंच्या आसपास, वर फ्लॅश आणि चार्जर. काटा ७ च्या पुढे गेलाच. त्यामुळे खरेदीत कप्प्यांच्या आधी रिकामं वजन विचारा. गेटवर बॅग मालाच्या कक्षात टाकायला सांगितली तर सुट्या लिथियम बॅटऱ्या तिच्यात ठेवता येत नाहीत, म्हणून त्यांची वेगळी पिशवी वरच ठेवावी. प्रत्येक बॅटरी १०० वॉट-तासांच्या आत असेल तर विमान कंपनीच्या खास परवानगीची गरज नसते. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केलं की आकडा मिळतो, १४.४ व्होल्ट आणि ६.८ अँपिअर-तासांची व्हिडिओ बॅटरी ९८ वर येऊन जेमतेम बसते.

वारीच्या चिखलात, गडाच्या पायऱ्यांवर, किनाऱ्याच्या वाळूत चाकं हे नुसतं ओझं आहे. तशी कामं जास्त असतील तर सरळ पाठीवरची बॅग घ्या. चाकांची घेतलीच, तर चाकं ॲलन कीने काढता येतात का आणि सुटी विकत मिळतात का, हे आधी विचारा. कोकण-मुंबईच्या दमट हवेत काही प्रकारचं पॉलियुरेथेन पाण्याच्या वाफेने हळूहळू विघटित होतं. त्यामुळे कपाटात पडून राहिलेल्या बॅगेचं अस्तर चिकट होतं आणि चाकांचे तुकडे पडू लागतात.