कार्टूनचा कागद, भाव कडक!

पुणेकर, माहीत आहे का? आपल्या गावच्या कार्टूनगिरीनं नव्वदी पार केलीय! प्रभात फिल्म कंपनीनं 1934मध्येच ‘जंबू काका’ ही अ‍ॅनिमेशन फिल्म काढली होती. प्रभातचा तो स्टुडिओ म्हणजेच आजचं एफटीआयआय.

त्याआधी 1915मध्ये दादासाहेब फाळक्यांनी तर चक्क काडेपेटीतल्या काड्या नाचवल्या. फिल्मचं नाव ‘आगकाड्यांची मौज’. मौज झाली, फिल्म मात्र हरवली!

आता जरा गणित. सेकंदाला 24 फ्रेम्स. एकेक चित्र दोन फ्रेम्स चालवलं, तरी मिनिटाला 720 चित्रं! भारत-जपानच्या ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’साठी तब्बल 1 लाखाच्या आसपास सेल्स (म्हणजे चित्र रंगवायच्या पारदर्शक शीट्स) हातानं रंगवली गेली. भारतीय बाजू सांभाळणारे राम मोहन 1956मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकले, आणि गुरू कोण? ‘बॅम्बी’वर काम केलेले डिस्नेचे क्लेअर वीक्स!

पण अशी चित्रं जमवणाऱ्या कलेक्टरचा जीव अडकतो त्याही आधीच्या कागदात. कन्सेप्ट आर्ट! पात्राचा चेहरा, जंगलाचा रंग, संध्याकाळचा मूड, सगळं इथंच ठरतं. डिस्नेच्या ‘सिंड्रेला’चा रंगीबेरंगी थाट मेरी ब्लेअर यांच्या अशाच चित्रांतून आला. ही चित्रं पडद्यावर कधीच दिसत नाहीत. म्हणूनच ती हातात आली की खजिना!

ओळखायचं कसं? अ‍ॅनिमेशनच्या कागदाला कडेला पेग बसवायची भोकं असतात. कन्सेप्टच्या चित्राला ती लागत नाहीत, कारण ते हलवायचंच नसतं. माझं मत विचाराल, तर चकचकीत सेलपेक्षा पेन्सिलचं रेखाटन भारी. खोडलेल्या रेषांत चित्रकार विचार करताना दिसतो!

धक्का बसेल, पण एके काळी स्टुडिओवाले रंगवलेली सेल्स धुऊन पुन्हा वापरायचे! 1955 नंतर डिस्नेलँडच्या दुकानात सेल एखाद-दोन डॉलरला मिळायचं. आणि 1989मध्ये? ‘ऑर्फन्स बेनिफिट’चं एक ब्लॅक अँड व्हाइट सेल लिलावात गेलं 2,86,000 डॉलरला. सेलचा असा ‘सेल’!

भाव चढणारच, कारण उरतंच किती? ‘गर्टी द डायनोसॉर’ या अ‍ॅनिमेशन फिल्मची (1914) हजारो चित्रं चित्रकार विन्सर मॅकेनं काढली, उरली जेमतेम 400.

आपल्याकडे? ‘एक अनेक और एकता’वाल्या भीमसेन यांच्या कामाचा मोठा संग्रह आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आलाय. 1964पासूनची ही संस्था पुण्यात आहे, हे आपलं भाग्यच!

तेव्हा काका-मामांपैकी कुणी अ‍ॅनिमेशनमध्ये होतं का, घरी विचारा. माळ्यावर कागद सापडले तर उन्हात ठेवू नका, सेलोटेप लावू नका. सेलला व्हिनेगरसारखा आंबट वास येतोय? मग लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा. आणि रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा संग्रहालयात दाखवून या!