पांढरीचे खापर आणि मुकी तबकडी

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे प्रकाशा हे गाव भाविकांना दक्षिण काशी म्हणून परिचित आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ते तेथील पांढरीमुळे ठाऊक आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी १९५५ साली ही पांढरी खणली, तेव्हा एकाखाली एक असे वसाहतीचे चार कालखंड उघडे झाले. सर्वांत तळचा ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. त्या थरातले रंगीत नक्षीचे खापर हाती घेतले की भांडे केवढे होते, चाकावर घडले की हाताने, किती भाजले गेले, हे जाणता माणूस आजही सांगू शकतो. त्यासाठी त्या काळचा कुंभार हजर करावा लागत नाही, की त्याची भट्टी पुन्हा पेटवावी लागत नाही.

आता याच्या शेजारी १९९६ सालची एक संगणकीय तबकडी ठेवावी. तिच्यात चित्रे आहेत, आवाज आहेत, खेळ आहे. पण ती ज्या यंत्रासाठी निघाली ते यंत्र नसेल तर ती सर्वस्वी मुकी आहे. शेतात पाखरे हुसकावण्यासाठी दोरीला टांगण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. साडेतीन हजार वर्षांचे खापर बोलते आणि तीस वर्षांची तबकडी बोलत नाही, ही आपल्या काळाची एक मोठीच विसंगती म्हटली पाहिजे. या मुक्या तबकड्यांना वाचा देण्याचा जो उद्योग जगभरचे काही छांदिष्ट लोक करीत आहेत, त्याला संगणकाच्या परिभाषेत ‘एम्युलेशन’ म्हणतात. मराठीत त्याला सोंग म्हणावे. बहुरूप्याने फौजदाराचे सोंग आणावे तसे आजच्या संगणकाने कालच्या यंत्राचे सोंग आणायचे.

या सोंगांपैकी एक फार बोधप्रद आहे. ॲपल कंपनीने आपल्या मॅकिंटॉश संगणकाचा गाभा घेऊन दूरचित्रवाणीला जोडण्याचे एक स्वस्त बहुमाध्यमी यंत्र योजले आणि ते तयार करण्याचा परवाना जपानच्या बंडाई या खेळण्यांच्या कंपनीला दिला. यंत्राचे नाव पिपिन. मॅकिंटॉश ही जशी सफरचंदाची एक जात, तशीच पिपिन हीही. १९९६ च्या मार्चमध्ये ते जपानात आणि त्याच वर्षी पुढे अमेरिकेत विक्रीस आले. खेळ, ज्ञानकोश, इंटरनेट असे सारे काही एकाच पेटीत देण्याचा मनसुबा होता; म्हणूनच ते ना धड संगणक झाले, ना धड खेळणे. अमेरिकेत त्याची किंमत ५९९ डॉलर होती आणि शेजारच्या फळीवर सोनीचे प्लेस्टेशन १९९ डॉलरना मिळत होते. ग्राहकाने काय केले असेल हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. सर्व मिळून बेचाळीस हजारांच्या आसपास पिपिन खपले, १९९७ मध्ये उत्पादन थांबले, आणि ॲपलमध्ये परतलेल्या स्टीव्ह जॉब्स यांनी असे परवाने देण्याचे धोरणच गुंडाळले. आपल्याकडे तर हे यंत्र बाजारात आलेच नाही.

अशा बुडीत यंत्राचे सोंग आणणे यशस्वी यंत्राच्या सोंगापेक्षा कितीतरी अवघड असते. प्लेस्टेशन बाजारात जोरात चालू असतानाच, १९९९ मध्ये, कनेक्टिक्स या कंपनीने त्याचे सोंग आणणारा प्रोग्रॅम विकायला काढला. सोनीने फिर्याद केली, आणि २००० साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने कौल कनेक्टिक्सच्या बाजूने दिला. पिपिनसाठी मात्र न्यायालयात जाण्याइतकीही आस्था कोणाला नव्हती. जुन्या यंत्रांचा जणू कोशच असलेल्या ‘मेम’ या प्रकल्पात पिपिनच्या नावापुढे दीर्घकाळ ‘चालत नाही’ असाच शेरा होता. अलीकडे जुन्या मॅकिंटॉशचे सोंग आणणाऱ्या डिंगसपीपीसी या मुक्त प्रकल्पाने पिपिनलाही हात घातला आहे.

या कामात नेमके काय करावे लागते? पिपिनचा मेंदू पॉवरपीसी ६०३ जातीचा, सेकंदाला सहा कोटी साठ लाख ठोक्यांचा. त्याला कळणाऱ्या आज्ञा आजच्या इंटेलच्या मेंदूला कळत नाहीत. म्हणून दुभाष्याप्रमाणे एकेक आज्ञा वाचून तिचा अर्थ करून दाखवावा लागतो. त्यातही गंमत अशी की दोघांची संख्या मांडण्याची रीत उलटी आहे. मराठी माणूस ‘सदतीस’ म्हणताना आधी सात म्हणतो, मग तीस. इंग्रजी बोलणारा आधी तीस म्हणतो, मग सात. इंटेलचा मेंदू स्मृतीत संख्येचे लहान टोक आधी ठेवतो, तर पिपिन मोठे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘तीस सात’ अशी मांडणी आली तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, ते शिक्षकांना आठवत असेलच. ही उलटापालट एम्युलेटरला सेकंदाला कोट्यवधी वेळा, एकदाही न चुकता, करावी लागते. शिवाय चित्राची चिप, आवाजाची चिप, तबकडी फिरवणारे यंत्र, या प्रत्येकाचे सोंग निराळे. तबकडीतून माहिती यायला मूळ यंत्रात जो विलंब लागे तोही हिशेबात धरावा लागतो. कित्येक जुने प्रोग्रॅम त्या विलंबाच्या भरवशावर लिहिलेले असतात आणि यंत्र फार चपळ झाले तर ते कोलमडतात.

याखेरीज एक कुलूप होते. पिपिनच्या प्रत्येक तबकडीवर ॲपलच्या गुप्त किल्लीने केलेला सांकेतिक सहीशिक्का असे. तो नसेल तर यंत्र तबकडी चालवायला नकार देई. व्यापाराच्या दृष्टीने ही सावधगिरी समजण्यासारखी होती. पण शिक्का मारणारे कार्यालय बंद झाले आणि पहारेकरी मात्र दारात तसाच उभा राहिला. यंत्र बंद पडल्यानंतर सुमारे दोन दशकांनी एका हौशी अभ्यासकाने या तपासणीचे मर्म उलगडले.

चाळीस-बेचाळीस हजार लोकांनी विकत घेतलेल्या खेळण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. वस्तुतः हे तंत्र खेळण्यांसाठी जन्मलेले नाही. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० ही नवी संगणकमाला जाहीर केली, तेव्हा ग्राहकांचे जुने हिशेबाचे प्रोग्रॅम फुकट जाऊ नयेत म्हणून नव्या यंत्रात जुन्या १४०१ चे सोंग बसवले होते. (हेच १४०१ यंत्र १९६१ साली मुंबईत एसो या तेल कंपनीच्या कचेरीत आले होते.) पुढे कचेऱ्यांना या विद्येचा विसर पडला, खेळवेड्या तरुणांनी ती जिवंत ठेवली. डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम २००२ साली आला तो जुने खेळ खेळण्याच्या हौसेतून. पण जुन्या डॉसवरील पगारपत्रके आणि खतावण्या उघडायलाही तोच कामी येतो.

आणि येथे हा विषय पिपिनपुरता राहत नाही. १९९० नंतरची सुमारे पंधरा वर्षे मराठी पुस्तके, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल ज्या पद्धतीने संगणकावर जुळवले गेले ती आठवावी. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती. परंतु विंडोजमध्ये तिची सोय २००० साली झाली, आणि छापखान्यांत ती रुळायला आणखी काही वर्षे गेली. मधल्या काळात पुण्याच्या सी-डॅकची आयएसएम, श्रीलिपी, आकृती अशा देशी प्रणालींनी मराठीचा संसार चालवला. हे काम मोठेच होते. त्यावाचून मराठी त्या काळात संगणकावर उभीच राहिली नसती. पण रोमन अक्षरांच्या खणांत देवनागरीचे तुकडे बसवून ही लिपी उभी केलेली असे आणि प्रत्येकाची खणवाटणी वेगळी. तो फॉन्ट नसला की शंभर पानांचे मराठी पुस्तक पडद्यावर रोमन अक्षरांचा निव्वळ गोंधळ म्हणून उमटते. ही व्यथा जुनी फाइल उघडून पाहणाऱ्या कोणत्याही कारकुनाला सांगावी लागणार नाही.

निव्वळ मजकूर परिवर्तकांच्या साहाय्याने बऱ्याच अंशी सोडवता येतो. पेजमेकरमध्ये रचलेले पान, त्यातील तक्ते, चित्रांची जागा, तळटीपा यांना मात्र जुना पेजमेकर, जुने विंडोज आणि जुना फॉन्ट असा सारा गोतावळा लागतो. जुने सोळा-बिटी प्रोग्रॅम आजचे चौसष्ट-बिटी विंडोज चालवीतच नाही. कित्येक प्रणालींबरोबर संगणकाच्या पाठीमागे लावायचे कुलूपही येई. ते ज्या प्रिंटरच्या खोबणीत बसे ती खोबणच नव्या संगणकावर उरलेली नाही. पिपिनचा सहीशिक्का आणि हे कुलूप ही सख्खी भावंडे आहेत, आणि येथेही उपाय तोच: सगळ्या यंत्राचे, कुलपासकट, सोंग आणणे.

शाळांची गोष्टही याच वळणाची आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पाखाली देशातील सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक बसवले गेले. ब्रिटनमध्ये ते लोकप्रिय होते, त्यामुळे त्यांचे उत्तम एम्युलेटर आज फुकट मिळतात. रंगमंच तयार आहे. पात्रे मात्र ज्याने त्याने आपापली आणायची. येथे लिहिलेले पाठ ज्या सव्वापाच इंची फ्लॉपीवर साठवले, तिच्यावरचा चुंबकीय लेप काळाबरोबर क्षीण होत जातो. एम्युलेटर पुढच्या वर्षीही लिहिता येईल, पण फ्लॉपीची प्रत उतरवून घेण्याला तेवढी सवड नाही.

हे काम ग्रंथालयांनी करावे असे सहज सुचते. तथापि आपला कायदा येथे आडवा येतो. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान अधिनियमानुसार प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाबरोबर मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयालाही द्यावी लागते. पण त्या कायद्याची पुस्तकाची व्याख्या छापील वस्तूपुरती आहे. सीडी आणि संगणकाचा प्रोग्रॅम तिच्यात बसत नाहीत. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा मिळाली, ती मात्र एका अटीवर: त्या कृतीची संगणकीय नसलेली प्रत ग्रंथालयापाशी आधीपासून असली पाहिजे. छापील पुस्तकाला ही अट सोयीची आहे. १९९६ साली केवळ तबकडीवर निघालेल्या मराठी बालकोशाला किंवा खेळाला छापील प्रत असणारच कोठून? त्याचे स्वामित्व आपल्या कायद्याप्रमाणे किमान २०५६ पर्यंत तरी टिकणार, आणि फ्लॉपी असो की सीडी, तिला तेवढे आयुष्य लाभण्याचा भरवसा कोणी देत नाही. त्या अटीतला तेवढा एक शब्द संसदेने बदलला, तर सार्वजनिक ग्रंथालयाचा ग्रंथपाल उद्यापासून उजळ माथ्याने प्रती उतरवू लागेल.